‘अप्लाय’ केलं तरी बदल टिकत नाही: फ्रीपीबीएक्समधला पुन्हा पुन्हा होणारा घोळ

फ्रीपीबीएक्स हे ऑफिसचे फोन वेबपानावरून सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्यावर रिसेप्शनचं एक्स्टेंशन (आतला फोन नंबर) २०४. टेबलावरचा फोन आणि मोबाइलमधलं सॉफ्टफोन ॲप, दोन्ही एकदम वाजायला हवेत अशी मागणी होती. करून दिलं, आठ दिवस सुरळीत चाललं. नवव्या दिवशी तक्रार आली, मोबाइल परत मुका झालाय. परत दुरुस्त केलं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिथल्या मॅनेजरबाईंनी स्वतःचं निदान ऐकवलं: "सुट्टीची अनाउन्समेंट बदलली ना, की मोबाइल वाजायचा बंद होतो बघा."

मला हसू आलं. सुट्टीच्या रेकॉर्डिंगचा आणि मोबाइलच्या रजिस्ट्रेशनचा (फोनने सर्व्हरला ‘मी इथे आहे’ कळवण्याचा) काडीचा संबंध नाही. पण बाईंचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, आणि चूक माझीच होती. घाईत असताना मी टर्मिनल उघडून ‘पीजेसिप.एओआर.कॉन्फ’ या फाइलमध्ये २०४ च्या खाली ‘मॅक्स कॉन्टॅक्ट्स’ (एका एक्स्टेंशनवर एकाच वेळी किती फोन रजिस्टर होऊ शकतात तो आकडा) १ चे २ केले होते आणि ॲस्टेरिस्कला, म्हणजे प्रत्यक्ष कॉल जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते वाचायला लावलं होतं. दोन्ही फोन वाजू लागले, मी निघून गेलो. पुढे कुणीतरी अनाउन्समेंट बदलून लाल ‘अप्लाय कॉन्फिग’ बटण दाबलं, आणि फ्रीपीबीएक्सने ती फाइल पहिल्यापासून नव्याने लिहून काढली. माझे २ पुन्हा १ झाले. मग मोबाइल रजिस्टर झाला की टेबलावरचा फोन बाहेर, टेबलावरचा झाला की मोबाइल बाहेर.

फायलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. अपवाद पुढे येणाऱ्या ‘सीएफ’चा, तो मोठ्या अक्षरांत.

एकच सेटिंग, तीन ठिकाणी

फ्रीपीबीएक्स म्हणजे फोन सिस्टम, असं समजून बसलो की हा घोळ कधीच सुटत नाही. कॉल जोडण्याचं काम ॲस्टेरिस्क करतो. फ्रीपीबीएक्स हा त्याचा कारकून. तुम्ही पानावर काही बदलून ‘सबमिट’ केलंत की तो ते डेटाबेसमध्ये टिपून ठेवतो, एवढंच. ‘अप्लाय कॉन्फिग’ दाबल्यावर डेटाबेस वाचून ‘ईटीसी’मधल्या ‘ॲस्टेरिस्क’ फोल्डरमध्ये कॉन्फ फाइल्स लिहितो आणि ॲस्टेरिस्कला सांगतो, घे, परत वाच. त्यानंतर ॲस्टेरिस्क जे वाचेल ते त्याच्या मेमरीत जातं आणि फोन त्यावर चालतात.

म्हणजे एकच सेटिंग तीन ठिकाणी असतं: डेटाबेसमध्ये, फाइलमध्ये आणि ॲस्टेरिस्कच्या मेमरीत. तिन्हीकडे एकच किंमत असेल तर सगळं ठीक. बदल टिकत नाही किंवा लागूच होत नाही, तेव्हा या तिघांपैकी कुणीतरी जुनं धरून बसलेलं असतं. कोण, एवढं शोधायचं. त्याआधी काहीही रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने त्रास थांबतो, पण पुरावाही पुसला जातो आणि महिन्याभराने तुम्ही परत तिथेच उभे असता.

२०४ च्या बाबतीत हे असं बघायचं. आधी पानावर: एक्स्टेंशन उघडा, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘मॅक्स कॉन्टॅक्ट्स’ किती आहे ते वाचा. मग फाइलमध्ये: त्याच एओआर फाइलवर ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) चालवून २०४ च्या भागातली ती ओळ बघा. शेवटी मेमरीत: ‘ॲस्टेरिस्क’ कमांडला ‘आरव्हीव्हीव्ही’ जोडून कन्सोलमध्ये शिरा आणि ‘पीजेसिप शो एओआर २०४’ विचारा. तिथे ॲस्टेरिस्क आत्ता काय मानतोय ते दिसतं, आणि खाली कोणकोणती उपकरणं रजिस्टर आहेत तेही. माझ्या त्या प्रकरणात पानावर १, फाइलमध्ये २, मेमरीत २ असं चित्र असायचं. पुढच्या ‘अप्लाय’पर्यंत, अर्थात.

फाइलची वेळही बघून ठेवा. ‘एलएस’ला ‘एल’ जोडून तारीख-वेळ येते. तुम्ही ११ वाजता ‘अप्लाय’ दाबलंय आणि फाइल कालची आहे, तर गाडी डेटाबेस आणि फाइल यांच्यामध्येच अडली आहे. फाइल ११ ची आहे, तिच्यात नवी किंमत आहे, पण कन्सोल जुनी दाखवतोय, तर अडचण पुढच्या टप्प्यात.

हाताने लिहिलेली ओळ

सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्रीपीबीएक्स ज्या फाइल्स स्वतः लिहितो त्यांच्या डोक्यावर स्पष्ट इशारा असतो: ही फाइल आपोआप तयार होते, हात लावू नका. आपण तो ठळक मजकूर वाचत नाही, थेट खाली स्क्रोल करतो.

उपाय दोन. पानावर त्या सेटिंगला जागा असेल तर तिथेच बदला. २०४ साठी जागा होतीच, मी शोधण्याचा आळस केला होता. पानावर जागा नसेल तर नावात ‘कस्टम’ असलेल्या फाइल्स वापरा. त्या फ्रीपीबीएक्स पुसत नाही. डायलप्लॅनसाठी (कोणता कॉल कुठे जायचा त्या नियमांसाठी) ‘एक्स्टेंशन्स_कस्टम.कॉन्फ’, आणि एखाद्या एक्स्टेंशनला पीजेसिपची (सिप या पद्धतीने फोनशी बोलणाऱ्या ॲस्टेरिस्कच्या भागाची) जादा ओळ द्यायची असेल तर ‘पीजेसिप.एंडपॉइंट_कस्टम_पोस्ट.कॉन्फ’. या दुसऱ्या फाइलमध्ये चौकोनी कंसात २०४, त्याला लागूनच गोल कंसात अधिक चिन्ह, आणि खाली तुमची ओळ. अधिक चिन्हाचा अर्थ, हा भाग आधीच आहे, त्यात भर घाल.

याच अधिक चिन्हाने माझी एक अख्खी दुपार खाल्ली आहे. कस्टम फाइलमध्ये २१७ साठी अशी भर होती. कर्मचारी सोडून गेला, कुणीतरी पानावरून २१७ एक्स्टेंशन काढून टाकलं. कस्टम फाइलकडे कोण बघतो? आता ॲस्टेरिस्कला सांगितलं जातंय की २१७ मध्ये भर घाल, आणि २१७ तर कुठेच नाही. तो नुसती ती ओळ सोडून पुढे जात नाही, पीजेसिपचं सगळंच कॉन्फिगरेशन नाकारतो. चालू फोन जुन्या माहितीवर चालत राहतात, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. पण त्यानंतर पानावरून केलेला पीजेसिपचा एकही बदल कुणालाच लागू होत नाही. लाल बटण मात्र गुमान नाहीसं होतं, जणू सगळं आलबेल. आणि त्या अवस्थेत ॲस्टेरिस्क रीस्टार्ट झाला, तर एकही फोन रजिस्टर होत नाही.

ओळखायचं कसं? लॉगमध्ये. ‘व्हार-लॉग-ॲस्टेरिस्क’ फोल्डरमधली ‘फुल’ नावाची फाइल ‘टेल’ने (शेवटी येणाऱ्या ओळी दाखवणाऱ्या कमांडने) चालू ठेवा, दुसऱ्या खिडकीत ‘अप्लाय’ दाबा. कॅटेगरी ॲडिशन मागितली पण ती कॅटेगरी अस्तित्वात नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, सोबत फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकही. ती भर काढा, परत ‘अप्लाय’ करा. तेव्हापासून एक्स्टेंशन काढण्याआधी कस्टम फाइल्समध्ये तो नंबर ग्रेप करून बघायचा, अशी सवय मी लावून घेतली आहे.

‘एक्स्टेंशन्स_ओव्हरराइड_फ्रीपीबीएक्स.कॉन्फ’ हीसुद्धा हात लावायची परवानगी असलेली फाइल आहे, पण मी शक्यतो लांबच राहतो. तिच्यात मूळ डायलप्लॅनचा अख्खा तुकडा कॉपी करून बदलायचा असतो. पुढे मॉड्यूल अपग्रेड होतं, मूळ तुकडा सुधारतो, तुमची कॉपी मात्र जुनीच राहते. मग अपग्रेडनंतर एखादी सोय बिघडते आणि शिव्या अपग्रेडला पडतात.

जुन्या सिस्टमवरून आलेल्यांनी आणखी एक बघावं. ‘सिप_जनरल_कस्टम’ वगैरे फाइल्स जुन्या चॅन-सिपच्या, म्हणजे पीजेसिपच्या आधी तेच काम करणाऱ्या भागाच्या होत्या. २०२३ मध्ये आलेल्या ॲस्टेरिस्क २१ पासून चॅन-सिप काढूनच टाकलं आहे. तिथे कितीही लिहा, वाचणारं कुणी नाही. बॅकअपमधून या फाइल्स नव्या सर्व्हरवर जशाच्या तशा येतात आणि आपल्याला वाटतं, सेटिंग तर आहे की.

रीलोड झालं, पण मेमरी जुनीच

दुसरा प्रकार जास्त फसवा. पानावर नवी किंमत, फाइलमध्ये नवी किंमत, लॉगमध्ये एकही एरर नाही, तरी फोन जुन्यासारखेच वागतात. बहुतेक वेळा बदल ‘ट्रान्सपोर्ट’मधला असतो: कोणत्या पोर्टवर ऐकायचं, बाहेरचा आयपी पत्ता कोणता, आतलं नेटवर्क कोणतं. पीजेसिपमध्ये ट्रान्सपोर्टला ‘अलाउ रीलोड’ नावाची सोय आहे आणि ॲस्टेरिस्क मुळात ती बंद ठेवतो, म्हणजे चालू कॉलचे पॅकेट मध्येच गळू नयेत. त्यामुळे रीलोड कितीही वेळा करा, ट्रान्सपोर्टमधल्या बऱ्याच गोष्टी जुन्याच चालू राहू शकतात. त्या ॲस्टेरिस्क स्वतः रीस्टार्ट झाला तरच नव्या लागू होतात.

नेहमीचं उदाहरण म्हणजे एकतर्फी आवाज. इंटरनेट लाइन बदलली, बाहेरचा पत्ता बदलला. बाहेरच्याला आपला आवाज जातो, त्याचा आपल्याला येत नाही, कारण ॲस्टेरिस्क समोरच्याला अजून जुनाच पत्ता सांगतोय आणि तिकडचा आवाज त्या जुन्या दारात जाऊन पडतोय. तुम्ही ‘सिप सेटिंग्ज’मध्ये नवा पत्ता टाकता, ‘अप्लाय’ करता, फरक शून्य. मग राउटरवर संशय, मग लाइन देणाऱ्या कंपनीशी वाद, संध्याकाळी वैतागून कुणीतरी सर्व्हर बंद-चालू करतं आणि सगळं ठीक. त्या दिवसापासून त्या ऑफिसात ‘आवाज गेला की सर्व्हर बंद-चालू करा’ हा मंत्र होऊन बसतो.

याचं उलटं रूप तर भुतासारखं. कुणीतरी चुकीचा पत्ता टाकून ‘अप्लाय’ केलेलं असतं. काहीच बिघडत नाही, म्हणून विसरलं जातं. तीन आठवड्यांनी वीज जाते, सर्व्हर परत उठतो आणि तेव्हा ती चूक जागी होते. सगळे विजेला दोष देतात.

कन्सोलमध्ये ‘पीजेसिप शो ट्रान्सपोर्ट्स’ने ट्रान्सपोर्टची नावं मिळतात, मग त्यातल्या एकाचं नाव देऊन ‘पीजेसिप शो ट्रान्सपोर्ट’ विचारलं की ‘एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस’ दिसतो. पानावरचा आणि तो वेगळा निघाला तर रीस्टार्ट लागणारच. तो दिवसाढवळ्या करायचा असेल तर ‘कोअर रीस्टार्ट व्हेन कन्व्हिनियंट’ द्या. ॲस्टेरिस्क एकही कॉल चालू नसेल अशा क्षणाची वाट बघतो आणि तोवर नवे कॉल घेत राहतो. ‘ग्रेसफुली’ दिलंत तर नवे कॉल नाकारून चालू कॉल संपायची वाट बघतो. गजबजलेल्या कॉलच्या रांगेवर (क्यूवर) ‘व्हेन कन्व्हिनियंट’ला मुहूर्त मिळता मिळत नाही, तिथे जेवणाच्या सुट्टीत ‘ग्रेसफुली’च बरं.

पानावर नसलेली वही

२०९ वर केलेले सगळे कॉल एका जुन्याच मोबाइलवर जातात. एक्स्टेंशनच्या पानावर काही नाही, ‘फॉलो मी’ बंद, रिंग ग्रुप तपासला, इनबाउंड रूट तपासला. फाइल्सही स्वच्छ.

ॲस्टेरिस्कची स्वतःची एक छोटी वही आहे, एएसटीडीबी. फोनवरून स्टार ७२ फिरवून केलेलं कॉल फॉरवर्ड आणि स्टार ७८ ने लावलेलं डू नॉट डिस्टर्ब तिथे नोंदलं जातं, कॉन्फ फाइलमध्ये नाही. त्यामुळे ‘अप्लाय’ने ते जात नाही, रीस्टार्टनेही नाही. कन्सोलमध्ये ‘डेटाबेस शो सीएफ’ म्हटलं की कुणाकुणाची फॉरवर्ड लावलेली आहेत ती यादी येते. ‘डेटाबेस डेल सीएफ २०९’ने नोंद उडवा, किंवा त्या फोनवरून स्टार ७३ फिरवायला सांगा.

तिथेही नोंद नसेल तर फॉरवर्ड खुद्द फोनच्या सेटिंगमध्ये आहे. फोनचं स्वतःचं वेबपान असतं आणि तिथे केलेल्या बदलाची फ्रीपीबीएक्सला गंधवार्ता नसते. उलट बाजूनेही गंमत होते: फोन प्रोव्हिजनिंगवर असेल, म्हणजे त्याला सर्व्हरवरून सेटिंग आपोआप मिळत असेल, तर त्याच्या पानावर हाताने केलेला बदल पुढच्या प्रोव्हिजनिंगला पुसला जातो. तीच जुनी गोष्ट, फक्त कारकून वेगळा.

बटणच अडतं तेव्हा

लाल बटण दाबल्यावर पानभर अगम्य मजकूर येतो किंवा चक्र फिरतच राहतं. ब्राउझरमधला तो मजकूर वाचत बसू नका, टर्मिनलमध्ये ‘एफडब्ल्यूकन्सोल रीलोड’ द्या. तिथे नेमकं काय खटकलं ते बहुधा कळतं. पुढच्या तीन गोष्टी मी याच क्रमाने बघतो.

डिस्क भरली आहे का. ‘डीएफ’ला ‘एच’ जोडून बघा. कॉल रेकॉर्डिंग आणि डीबग चालू राहिल्याने फुगलेला ‘फुल’ लॉग, हे दोन नेहमीचे संशयित. डिस्क भरलेली असताना ‘अप्लाय’ केलं तर फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते, म्हणून आधी जागा करा, मगच बटण दाबा.

फाइल्सची मालकी बिघडली आहे का. कुणी रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून एखादी फाइल कॉपी केली की ती रूटच्या नावावर जाते आणि वेबपान चालवणाऱ्या ‘ॲस्टेरिस्क’ युजरला त्यात लिहिता येत नाही. ‘एफडब्ल्यूकन्सोल चोन’ मालकी जागेवर आणतं. हे दर आठवड्याला करावं लागत असेल तर रूटच्या नावाने चालणारी एखादी क्रॉन नोंद (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) शोधा.

आणि ॲस्टेरिस्कशी संपर्कच होत नसेल तर मॅनेजर इंटरफेस. फ्रीपीबीएक्स ॲस्टेरिस्कशी ५०३८ पोर्टवरून बोलतो, त्यासाठी युजर आणि पासवर्ड लागतो. ‘मॅनेजर.कॉन्फ’मधला पासवर्ड आणि ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधला पासवर्ड जुळला नाही की बोलणं बंद. या सेटिंगच्या नावांत ‘एएमपी’ का, असा प्रश्न पडतो. फ्रीपीबीएक्सचं मूळ नाव ॲस्टेरिस्क मॅनेजमेंट पोर्टल होतं, त्याचे हे अवशेष. ‘एएमपीयुझर्स’ हे टेबलही त्याच काळातलं.

एक जण पानावर अर्धवट बदल करून चहाला जातो, दुसरा स्वतःचं काम संपवून ‘अप्लाय’ दाबतो, आणि पहिल्याचा अर्धवट बदलही लागू होतो, हेही लक्षात असू द्या. बटण सगळ्यांचं मिळून एकच आहे.

फ्यूजनपीबीएक्स वापरत असाल तर

हेही फ्रीपीबीएक्ससारखंच वेबपानावरून चालवायचं सॉफ्टवेअर. तिथे ॲस्टेरिस्कऐवजी फ्रीस्विच असतो, पण टप्पे तसेच, मध्ये एक कॅशे (तात्पुरत्या प्रतींचा साठा) जास्त. पानावरून केलेला बदल डेटाबेसमध्ये गेलेला असतो, फ्रीस्विचला मात्र कॅशेमधली जुनी प्रत दिली जाते. ‘सिप स्टेटस’च्या पानावर ‘फ्लश कॅशे’ आहे, आधी ते दाबा. सिप प्रोफाइलमध्ये नवा गेटवे (बाहेरच्या लाइनची जोडणी) वाढवला असेल तर ‘रीस्कॅन’ पुरतं. पोर्ट किंवा आयपी बदलला असेल तर त्या प्रोफाइलला रीस्टार्टच द्यावा लागतो.

कुणीच न केलेला बदल

हे सगळं तपासूनही एखादा बदल परत परत उगवत असेल, कुणालाच माहीत नसलेला ॲडमिन यादीत दिसत असेल, किंवा ‘ईटीसी’मधली ‘फ्रीपीबीएक्स.कॉन्फ’ अचानक बदललेली वा गायब असेल, तर विषय सेटिंगचा उरत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट मॉड्यूलमध्ये (फोनची सेटिंग सांभाळणाऱ्या भागात) लॉगिनशिवाय आत शिरता येईल असं छिद्र सापडलं आणि ज्यांचं ॲडमिन पान इंटरनेटवर उघडं होतं अशा सिस्टमवर त्याचा प्रत्यक्ष गैरवापर झाला. दुरुस्ती १५, १६ आणि १७ या तिन्ही आवृत्त्यांना मिळाली आहे. मॉड्यूल कोणत्या आवृत्तीवर आहे ते ‘एफडब्ल्यूकन्सोल एमए लिस्ट’ने बघा: १५ साठी १५.०.६६, १६ साठी १६.०.८९, १७ साठी १७.०.३ किंवा त्यापुढचं हवं.

खुणा बघायच्या तर वेब सर्व्हरच्या मूळ फोल्डरमध्ये ‘.क्लीन.एसएच’ नावाची लपलेली फाइल आहे का, वेब लॉगमध्ये ‘मॉड्युलर.पीएचपी’ला पोस्ट विनंत्या आल्यात का, कॉल नोंदींत ९९९८ वर कॉल आहेत का, आणि ‘एएमपीयुझर्स’ टेबलमध्ये अनोळखी नाव आहे का. यातलं काहीही सापडलं तर चालू मशीन साफ करत बसू नका. नवीन सर्व्हर उभा करा, मॉड्यूल्स आधी अद्ययावत करा, ॲडमिन पान फायरवॉलमागे घ्या, आणि घुसखोरीच्या आधीचा बॅकअप त्यावर चढवा. नंतर एक्स्टेंशन, ट्रंक (बाहेरची लाइन), व्हॉइसमेल आणि ॲडमिन, सगळे पासवर्ड नवे. कस्टम फाइल्स बॅकअपमधून डोळे झाकून आणू नका, एकेक उघडून वाचा. २१७ सारखी एखादी जुनी भर तिथेही दबा धरून बसलेली असते.